बिल कोणाच्या नावावर फाडायचे?

गेल्या महिन्यात नयानगरमधल्या एका शिकवणी वर्गाच्या खोलीत आपली बैठक झाली. पुढच्या निदर्शनाची परवानगी कोणाच्या नावाने मागायची, एवढाच विषय होता. पोलीस ठाण्यातून आणलेल्या हमीपत्राचा नमुना हातोहात फिरत होता. त्यात सातव्या क्रमांकावर एक वाक्य होते. कार्यक्रमाच्या दरम्यान किंवा कार्यक्रमामुळे सार्वजनिक वा खासगी मालमत्तेचे, तसेच व्यापार-व्यवसायाचे जे काही नुकसान होईल, त्यास मी व्यक्तिशः जबाबदार राहीन, अशा अर्थाचे. प्रत्येक जण तिथपर्यंत वाचायचा आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा.

मागच्या बाकावरून एक दुकानदार म्हणाले, "सही करने में क्या हर्ज है? जो बुलाए, वो भरे. हमारा गल्ला तो कोई नहीं भरता."

टाळ्या पडल्या नाहीत, पण बऱ्याच माना हलल्या. मी उत्तर दिले ते धड नव्हते. संविधान, कलम १९, शांततेने एकत्र येण्याचा हक्क, असे काहीबाही बोललो. दुकानाचे भाडे थकलेल्या माणसाला कलम १९ ऐकवले की तो मान डोलावतो आणि मनात तुम्हाला शिव्या देतो. म्हणून ते उत्तर इथे पुन्हा देतो आहे.

आधी त्यांची बाजू मांडतो, कारण ती माझीही आहे. माझे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. हाताखाली दोन कारागीर, दोघेही रोजावर. ३ जुलै २०२५ रोजी मिरा-भाईंदरच्या व्यापाऱ्यांनी बंद पाळला. मराठी बोलण्यावरून एका मिठाईवाल्याला मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारल्याची चित्रफीत देशभर गेली होती आणि व्यापारी संतापले होते. संताप योग्यच होता. मीही शटर खाली ओढले. त्या दिवशी कारागिरांना अर्धाच रोज दिला, पूर्ण द्यायला माझ्याकडे नव्हता. पुढे ८ जुलैला मराठी संघटनांचा आणि मनसेचा मोर्चा निघाला. पोलिसांनी आधी परवानगी नाकारली, अविनाश जाधवांना पहाटेच उचलले, रस्त्यांवर अडथळे लावले, आणि तरी दुपारपर्यंत माणसे जमलीच. मंत्री प्रताप सरनाईक मोर्च्यात गेले, तिथे त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या आणि त्यांना परतावे लागले. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांच्या बदलीची बातमी आली. या साऱ्या गदारोळात माझ्याकडे दिवसभर एकही मशीन आले नाही. गिऱ्हाईक घाबरून घरी बसले होते.

म्हणजे एका आठवड्यात दोन दिवस बुडाले. एक दिवस व्यापाऱ्यांच्या नेत्यांमुळे, एक दिवस मोर्चेवाल्यांमुळे. दोन्ही नुकसाने माझ्या वहीत लिहिलेली आहेत. यातले एकही बिल कुणाला गेले नाही. व्यापारी संघटनेला कोणी विचारले नाही की तुमच्या बंदमुळे रोजंदारीवरच्या पोराचा पगार बुडाला तो कोण देणार. मोर्च्याच्या नेत्यांनाही त्या दिवसाच्या धंद्याचा हिशेब कोणी मागितला नाही. आणि मला विचाराल तर मागू नयेच.

आता आपल्याच शहरातली दीड वर्ष आधीची गोष्ट आठवा. २१ जानेवारी २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होती. भगवे झेंडे लावलेल्या गाड्या नयानगरमधून गेल्या, घोषणा झाल्या, वाद झाला, दगड आणि काठ्या निघाल्या. गाड्या फुटल्या, माणसे जखमी झाली. ज्यांनी ते केले त्यांची बाजू मी घेणार नाही, तेव्हाही घेतली नव्हती. अटका झाल्या, गुन्हे दाखल झाले, ते कायद्याचे काम होते. पण २३ जानेवारीला हैदरी चौकात महापालिकेचे बुलडोझर आले आणि १५ बांधकामे पाडली गेली. महापालिका म्हणाली, ही अनधिकृत होती. असतीलही. अनधिकृत शेड नसलेला चौक या शहरात मला दाखवा, मी तिथे चहा पाजतो. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या शेडना नेमक्या त्याच दिवशी मुहूर्त कसा लागला, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्याच दिवसांत शहरात मुस्लिम टेम्पोचालकाची गाडी जमावाने फोडल्याचे चित्रण सगळ्या देशाने पाहिले. त्या जमावाच्या मोहल्ल्यात बुलडोझर गेला नाही. जायलाही नको होता.

तर मागच्या बाकावरच्या भाईंना माझे पहिले म्हणणे हे आहे. "जो बुलाए वो भरे" हा नियम ऐकायला सरळ आहे, पण आपल्या शहरात तो तसा चालत नाही. इथे कुणी बुलावले, कुणी फोडले आणि कुणी भरले, ही तीन वेगवेगळी माणसे निघतात. हैदरी चौकात ज्यांची दुकाने गेली त्यांनी त्या रात्री दगड उचलला होता, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवले नव्हते. पाडण्याआधी असे काही ठरवून घ्यावे असे कुणाला वाटले नाही.

दुसरे म्हणणे कायद्याचे आहे. ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे समज असा पसरला आहे की नुकसानभरपाईची मागणी म्हणजे मुसलमानांविरुद्धचा कट. तसे नाही. ही मागणी जुनी आहे आणि तिचा महाराष्ट्रातला सर्वात गाजलेला दणका आपल्याला बसलेला नाही. २८ जुलै २००३ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्याच्या निषेधार्थ ३० जुलैला शिवसेना-भाजपने मुंबई बंद केली. माजी कॅबिनेट सचिव बी. जी. देशमुख, जाहिरात क्षेत्रातले ॲलेक पदमसी वगैरे नागरिक उच्च न्यायालयात गेले. त्यांनी नुकसानाचा अंदाज ५० कोटींचा दिला होता. जुलै २००४ मध्ये न्यायालयाने दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले. हा निकाल मला मान्य आहे. त्यात दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या. बंद पक्षाने जाहीरपणे पुकारला होता. रक्कम पक्षाच्या तिजोरीतून जायची होती, शाखेसमोरच्या वडापाववाल्याच्या गाडीतून नव्हे. याच निकालाचा आधार घेऊन ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने महाविकास आघाडीचा बदलापूर प्रकरणातला महाराष्ट्र बंद रोखला, आणि नेत्यांनी काळ्या फिती लावून बसणे पत्करले. काही बिघडले नाही. निषेध लोकांपर्यंत पोहोचला.

सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २००९ ला न्या. के. टी. थॉमस आणि फली नरिमन यांच्या समित्यांच्या शिफारशी स्वीकारून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत नासधूस करणाऱ्याबरोबर आयोजकाचीही जबाबदारी आहे, हे खरे. आपल्यातले काही वकील हा भाग घाईने वाचून पुढे सरकतात. तसे करू नका. पण त्याच तत्त्वांत हेही आहे की नुकसान मोजायला दावा आयुक्त हवा, तो न्यायाधीश दर्जाचा हवा, घटना आणि माणूस यांच्यातला धागा सिद्ध व्हायला हवा. तहसीलदाराने सही केली, इन्स्पेक्टरने यादी दिली आणि नोटीस दारावर चिकटली, असे त्यात कुठेही नाही.

उत्तर प्रदेशात नेमके तेच झाले. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व कायदाविरोधी आंदोलनानंतर अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने वसुलीच्या नोटिसा गेल्या. लखनौत फोटो आणि पत्त्यांसह फलक लावले गेले. ते अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये उतरवायला सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सरकारला २७४ नोटिसा मागे घ्याव्या लागल्या आणि वसूल केलेले पैसे परत करण्याचा आदेश झाला. राज्याने दरम्यान नवा कायदा करून न्यायाधिकरणे नेमली होती, त्यांच्याकडे नव्याने जायची मुभा न्यायालयाने ठेवली. म्हणजे न्यायालयाचा आक्षेप वसुलीवर नव्हता. आरोप करणारा, तपास करणारा, रक्कम ठरवणारा आणि वसूल करणारा एकच असू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. गल्लीतला दादा जेव्हा या चारही भूमिका करतो तेव्हा आपण त्याला खंडणी म्हणतो.

आणि न्यायालयाच्या देखरेखीखालीसुद्धा घाई झाली तर काय होते, तेही पाहू. केरळचे उदाहरण आपल्याला गैरसोयीचे आहे, तरी घेतो. २३ सप्टेंबर २०२२ ला पॉप्युलर फ्रंटने अचानक हरताळ केला. बसगाड्या फोडल्या. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले होते की हरताळाआधी सात दिवसांची सूचना हवी, आणि त्या वर्षी इतर पक्ष-संघटनांच्या नेत्यांनाही हाच नियम लावला होता. फ्रंटने तो मोडला. न्यायालयाने ५ कोटी २० लाख रुपये भरायला सांगितले. त्या संघटनेच्या राजकारणाशी आपले काही देणेघेणे नाही, आणि बस फोडणाऱ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये घाईने जप्त्या सुरू झाल्या तेव्हा संघटनेशी संबंध नसलेल्यांचीही घरे-जमिनी त्यात आल्या. कारण काय, तर नावात साम्य, पत्त्यात साम्य, सर्व्हे नंबरात चूक. पुढे न्यायालयाला त्या जप्त्या उठवायला सांगावे लागले. मोहम्मद, अब्दुल, शेख, खान. आपल्या गल्लीत एका नावाचे चार जण राहतात आणि पोस्टमनसुद्धा गोंधळतो. तिथे तलाठी काय करणार?

महाराष्ट्रात तर त्याहून सोपी पद्धत निघाली. १७ मार्च २०२५ ला नागपुरात दंगल झाली. सकाळी औरंगजेबाच्या कबरीविरुद्ध निदर्शने झाली होती, चादर जाळल्याची अफवा पसरली, संध्याकाळी जमाव रस्त्यावर आला. मुख्यमंत्री म्हणाले की नुकसान दंगेखोरांकडून वसूल करू, न भरल्यास मालमत्ता विकू. २४ मार्चला महापालिकेने एका मुख्य आरोपीचे घर पाडले. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली. पण घर पडून गेले होते. सर्वोच्च न्यायालयाचा बुलडोझरविषयीचा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा आहे. न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी त्यात १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली, आणि आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही असे स्पष्ट लिहिले. त्याला चार महिने झाले होते. पालिका आयुक्तांनी नंतर उच्च न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. कारण दिले ते असे की या निकालाची माहितीच अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. पाणीपट्टी थकली की आपल्याला तीन दिवसांत मेसेज येतो.

आता "जो बुलाए वो भरे" हा नियम नागपूरला लावून बघा. बुलावणारे कोण? संध्याकाळच्या जमावाला रीतसर आयोजकच नव्हता. सकाळच्या निदर्शनाला होता. नियम जसाच्या तसा लावला तर पहिले बिल कुणाला जाते? वसुलीची भाषा मात्र सगळी संध्याकाळच्या माणसांसाठी होती.

तिसरे म्हणणे जास्त महत्त्वाचे आहे आणि ते धर्माशी संबंधित नाही. नुकसान म्हणजे काय? फुटलेली काच हे नुकसान आहे. जळालेली बस हे नुकसान आहे. त्याची किंमत लावता येते, फोडणारा हात शोधता येतो, चिथावणी दिली असेल तर भाषणाची ध्वनिफीत निघते. हे सगळे त्या हाताने, आणि चिथावणी सिद्ध झाली तर नेत्यानेही, भरलेच पाहिजे. इस्लामी फिक्हमध्येही दुसऱ्याची वस्तू मोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी आहे, आणि एकाच्या गुन्ह्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नये हे तर आपण मदरशात असल्यापासून ऐकतो. पण हमीपत्रातले "कार्यक्रमामुळे व्यापार-व्यवसायाचे नुकसान" हे वेगळेच प्रकरण आहे. रस्ता दोन तास तुंबला, रिक्षा अडल्या, गिऱ्हाईक आले नाही, हे नुकसान खरे आहे, माझ्या वहीत आहे. ते जर आयोजकाकडून वसूल करायचे ठरले तर या शहरात मोर्चा काढणे फक्त बिल्डरला परवडेल.

डोंगरीचे शेतकरी, उत्तनचे मच्छीमार, कंत्राटी सफाई कामगार, यांच्या मोर्च्यामुळे अर्धा दिवस वाहतूक खोळंबली तर त्यांच्या नेत्याला किती कोटींचे बिल द्याल? त्याचे घर, होडी, मंगळसूत्र विकूनही ते फिटणार नाही. म्हणून तो मोर्चाच काढणार नाही. पैसेवाल्याला मोर्च्याची गरजच पडत नाही, त्याचे काम फोनवर होते.

या राज्याचा जन्मच आठवा. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत संप झाला, गिरण्या थांबल्या, माणसे विधिमंडळाकडे निघाली, गोळीबार झाला. पुढच्या काळात शंभराहून अधिक हुतात्मे झाले. गिरण्यांचा बुडालेला उत्पादनखर्च, ट्रामचा महसूल, बंदरातला तोटा, हे सगळे जोडून एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, डांगे यांच्या नावाने बिल निघाले असते तर? शाहीर अमर शेख यांच्याकडून काय जप्त केले असते, डफ? बार्शीचा हा मेहबूब हुसेन पटेल संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गळा फाडून गायला. आज मराठीच्या नावाने मोर्चा काढणाऱ्यांनी आणि त्या मोर्च्याला खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांनीही एवढे लक्षात ठेवावे की १ मे १९६० चा दिवस धंदा बुडवूनच आला.

शिक्षा म्हणून पैसे उकळण्याची इंग्रजांचीही एक रीत होती. १९४२ च्या आंदोलनात वटहुकूम काढून त्यांनी गावेच्या गावे सामूहिक दंडाखाली आणली. रूळ कुणी उखडले ते सापडत नाही म्हणून सगळ्यांनी भरा. आणि त्या दंडातून अनेक ठिकाणी मुसलमानांना वगळले होते, हेही आपण विसरू नये. फोडा आणि राज्य करा याचा तो रोख व्यवहार होता. तेव्हा आपल्याला वगळले, आज हैदरी चौकात आपल्याला मोजले. दोन्ही वेळा माणसाने काय केले हे कुणी पाहिले नाही. आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, म्हणजे १९५१ च्या कायद्यात, कलम ५१ आजही आहे. दंगलीतल्या नुकसानीची भरपाई त्या भागातल्या रहिवाशांवर कर बसवून वसूल करण्याची सोय त्यात आहे. साहेब गेले, कलम राहिले.

आणि मग सरकारचा दुसरा हात पाहा. राजकीय, सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी शासन वेळोवेळी निर्णय काढते. अट असते की जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान ५ लाखांपेक्षा जास्त नसावे. म्हणजे ५ लाखांपर्यंतची तोडफोड ही सरकारच्या लेखी समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. मराठा आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेणे हा सप्टेंबर २०२५ मधल्या आझाद मैदानावरच्या तोडग्याचाच भाग होता. मला त्याचा आनंद आहे, पोरांची आयुष्ये खटल्यांत सडू नयेत. फक्त हा मायेचा हात नयानगरच्या पोरांच्या डोक्यावरूनही कधी फिरावा.

इथपर्यंत वाचून आपल्यातले काही जण खूश झाले असतील. आता त्यांच्यासाठी.

११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानावर आसाम आणि म्यानमारच्या नावाने सभा झाली. दोन माणसे मेली, पोलीस जखमी झाले, महिला पोलिसांशी गैरवर्तन झाले, अमर जवान स्मारकाला लाथ मारली गेली. गर्दी किती येईल याचा अंदाज आयोजकांना नव्हता, आणि नंतर "बाहरवाले थे" हे उत्तर तयार होते. १२ नोव्हेंबर २०२१ ला त्रिपुरातल्या हिंसेच्या निषेधाचा बंद पुकारला गेला. अमरावती, मालेगाव, नांदेडमध्ये दगडफेक झाली, दुकाने फुटली. दुसऱ्या दिवशी अमरावतीत भाजपचा बंद झाला आणि त्यातही जाळपोळ झाली. आपल्या बंदने त्यांच्या बंदला रस्ता करून दिला. त्रिपुरातल्या एकाही माणसाला याचा काडीचा उपयोग झाला नाही. अमरावतीच्या दुकानदारांकडे, हिंदू आणि मुसलमान दोघांकडे, बंद पुकारणाऱ्यांपैकी कोण कोण जाऊन बसले? फुटलेल्या काचेचे पैसे देऊ असे कोण म्हणाले? भाषण झाले की गाडीत बसून निघून जायचे आणि मोहल्ल्यातल्या आयांनी पोलीस कोठडीबाहेर डबे घेऊन उभे राहायचे, ही आपली नेतृत्वाची रीत आहे. मागच्या बाकावरचे भाई चिडले होते ते यावर. सरकारची भाषा ते बोलत होते, पण दुखणे आपले होते.

म्हणून माझे मत असे आहे की आपल्या संघटनेने बंद कधीच पुकारू नये. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंद घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले, हे त्याचे कारण आहेच. त्यापेक्षा मोठे कारण हे की बंदमध्ये निषेध मी करतो आणि उपास दुसऱ्याच्या कारागिराला घडतो. मोर्चा काढू, धरणे धरू, साखळी उपोषण करू. रस्त्यातला काटा बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे असे सांगणाऱ्या धर्माच्या माणसांनी रुग्णवाहिकेला वाट न देणारा मोर्चा काढू नये. सात दिवस आधी वाटेवरच्या दुकानदारांना चिठ्ठी द्यावी. स्टेशनकडे जाणारी एक बाजू मोकळी ठेवावी. स्वयंसेवकांच्या छातीवर नाव असावे, तोंडावर फडके नसावे. आणि कुणाची काच फुटलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण स्वतः त्या दुकानात जावे, दुकान कुणाचेही असो. बैतुलमालमधून दहा-वीस हजार वेगळे ठेवता येतात. हे देणे माणुसकीचे असेल, गुन्ह्याची कबुली नसेल, एवढे पावतीवर लिहून घ्यावे. वकील मंडळींनी नाक मुरडले तरी चालेल.

पण हे आपण आपणहून करू. हमीपत्रातल्या सातव्या क्रमांकावर मान झुकवून नाही.

हमीपत्रावर मीच सही करणार आहे, असे मी त्या बैठकीत शेवटी सांगितले. सही करण्याआधी सातव्या ओळीतले "किंवा कार्यक्रमामुळे" आणि "तसेच व्यापार-व्यवसायाचे" हे शब्द पेनाने खोडले आणि समासात लिहिले: मी किंवा माझ्या चिथावणीने कोणी केलेल्या मोडतोडीची भरपाई, सक्षम न्यायालयाने ठरवल्यास, मी देईन. खाली नाव, पत्ता, दुकानाचा गाळा क्रमांक. गेल्या आठवड्यात कागद घेऊन गेलो. टेबलामागच्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. नमुन्यात खाडाखोड चालत नाही म्हणाले. मी म्हटले, मग नाकारल्याचे लेखी द्या. ते म्हणाले, मंगळवारी या.

मंगळवारी जाणार आहे. मागच्या बाकावरच्या भाईंनाही बरोबर चला म्हटले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, दुपारी दोनच्या पुढे गिऱ्हाईक नसते, तेव्हा येतो.